फ्लॉरेन्सच्या दंडाबद्दल १ स्टार देणाऱ्या आमच्या ग्राहकांना उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्री वाचला. तुम्हाला, वहिनींना आणि आईंना झालेल्या मनस्तापाबद्दल मनापासून माफी मागतो. मे महिन्यात आमच्यामार्फत इटलीची सहल करून आलात आणि ऑक्टोबरात पोस्टमन तिथल्या गाडीच्या दंडाचं रजिस्टर पाकीट घेऊन दारात उभा, पाठोपाठ दुसरं, शिवाय भाड्याच्या गाडीच्या कंपनीने कार्डावरून आधीच पैसे कापलेले. कोणालाही चीड येईल. तुम्ही फोन केलात तेव्हा ऑफिसमधून "दंडाशी आमचा संबंध नाही" असं उत्तर मिळालं, तेही चुकलंच. फोनवरची मुलगी नवीन आहे, पण जबाबदारी माझी आहे.

मात्र तुम्ही पुढे लिहिलंय, "गाडी बंदीच्या भागाबद्दल यांनी एका शब्दाने सांगितलं नाही, दंडातही यांचं कमिशन असणार." सर, त्या रात्री मला झोप लागली नाही. बाकी सगळं मी ऐकून घेईन, पण या वाक्याला उत्तर द्यायलाच हवं.

वाचणाऱ्यांसाठी आधी प्रकार काय आहे ते सांगतो. इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळेत बंदी असते. त्या भागाला झोना आ त्राफिको लिमितातो म्हणतात, थोडक्यात झेडटीएल. फ्लॉरेन्समध्ये ही बंदी सोमवार ते शुक्रवार सकाळी ७.३० ते रात्री ८ आणि शनिवारी दुपारी ४ पर्यंत असते, उन्हाळ्यात काही रात्रीही असते. आपल्याकडे नो-एंट्रीत शिरलं तर कोपऱ्यावरचा हवालदार शिट्टी वाजवतो. तिथे कोणी अडवत नाही. खांबावरचा कॅमेरा नंबर टिपतो, पोलीस गाडीच्या कंपनीला विचारतात, कंपनी करारावरचं तुमचं नाव आणि पत्ता कळवते आणि त्या कामाचं शुल्क तुमच्या कार्डावर लावते. दंडाची नोटीस मग वेगळी येते. परदेशात राहणाऱ्याला ती पाठवायला त्यांच्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे, म्हणून ती इतक्या उशिरा आली. ज्या कॅमेऱ्यासमोरून आत शिराल, त्या प्रत्येकाचा दंड वेगळा.

आता आपल्या व्यवहाराबद्दल. मी तुमचं फ्लॉरेन्सचं हॉटेल शहराबाहेर स्कांदिच्चीला, ट्रामच्या मार्गावर घेतलं होतं. ते स्वस्त पडतं म्हणून नव्हे. रोमहून ए-वन महामार्गाने येताना व्हिल्ला कोस्तान्झा नावाचा वाहनतळ लागतो. महामार्गावरून थेट आत जाता येतं, गाडी तिथे ठेवायची आणि ट्रामने शहराच्या मध्यभागी सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनपर्यंत यायचं. गाडी शहरात न्यायचीच नाही, हीच त्यामागची योजना होती. निघण्याच्या १२ दिवस आधी तुम्ही ते हॉटेल रद्द करून ड्युओमोजवळचं, म्हणजे शहराच्या मधोमध असलेल्या मुख्य कॅथीड्रलजवळचं हॉटेल स्वतः बुक केलंत. आईंचे गुडघे दुखतात, त्यांना ट्रामची चढउतार नको, हे तुमचं कारण मला पटलं होतं आणि आजही पटतं. माझ्याही घरी आई आहे.

पण तेव्हाच मी सांगितलं होतं, की हे हॉटेल बंदीच्या भागात येतं, गाडीचा नंबर रिसेप्शनला कळवा. हॉटेलवाले पाहुण्यांच्या गाडीचा नंबर नोंदवून देतात, मग सामान उतरवण्यापुरतं आत जाता येतं. हे काम मी ठाण्यात बसून आधी करू शकत नाही, कारण भाड्याच्या गाडीचा नंबर किल्ली हातात आल्याशिवाय कळत नाही. तुम्हाला रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर गाडी मिळाली, तेव्हा आपल्याकडे दुपारचे ३ वाजले होते, तिथे सकाळचे ११.३०. ३ वाजून १२ मिनिटांनी मी मेसेज केला: "सर, नंबरप्लेटचा फोटो हॉटेलला पाठवा, विसरू नका." त्या मेसेजवर दोन निळ्या खुणा आहेत. स्क्रीनशॉट मी इथे टाकत नाही, तुमचा खासगी नंबर त्यात दिसतो. तुम्ही फ्लॉरेन्समध्ये शिरलात गुरुवारी तिथल्या संध्याकाळी ६.४२ ला, हे तुमच्याच नोटिशीत लिहिलं आहे. मध्ये सात तास होते सर. वाटेत ओर्व्हिएतोला जेवायला थांबलात तेव्हा वहिनींनी मला कॅथीड्रलचे फोटोसुद्धा पाठवले होते, मी त्यांना उत्तरही दिलं होतं.

एप्रिलमध्ये ऑफिसात बसलो होतो तेव्हाही हा विषय झाला होता. तुम्हाला मध्येच कामाचा फोन आला आणि तुम्ही जिन्यात गेलात, पण वहिनी समोर होत्या, त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं. तुम्हाला दिलेल्या माहितीच्या ११ पानांत सातवं पान याच विषयाचं आहे. २०१६ साली पिसामध्ये मी स्वतः असा दंड भरला, त्यानंतर ते पान मी लिहिलं आणि तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाला देतो. ज्या गोष्टीने माझं स्वतःचं नुकसान झालं ती मी ग्राहकापासून कशाला लपवीन?

एक गोष्ट मात्र मी खरंच सांगितली नव्हती, आणि ती तुम्ही रिव्ह्यूत बरोबर लिहिली आहे. वेशीवरच्या दिव्यांच्या पाटीवर "वार्को अत्तीवो" असं होतं, तुम्हाला वाटलं प्रवेश चालू आहे. अर्थ नेमका उलटा आहे. वार्को म्हणजे प्रवेशाची जागा, आणि ती "अत्तीवो" असेल तर कॅमेरा चालू, आत जायचं नाही. "नोन अत्तीवो" असेल तरच जायचं. कोणीही फसेल अशी पाटी आहे. माझ्या पानावर बंदीच्या खुणेचं, तांबड्या कडेच्या पांढऱ्या वर्तुळाचं चित्र आहे, पण हे दोन शब्द नाहीत. ते असायला हवे होते. आणि निळ्या खुणा पाहून मी निर्धास्त झालो, फोन केला नाही, हेही खरं.

कमिशनचं म्हणाल, तर गाडीच्या बुकिंगवर आम्हाला कमिशन मिळतं, ते बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं. दंड फ्लॉरेन्सच्या महापालिकेकडे जातो आणि शुल्क गाडीच्या कंपनीकडे. त्यातला एक पैसा आमच्याकडे येत नाही. काउंटरवर जादा विम्याचे पैसे लावल्याची तुमची तक्रार आहे, त्यावर मी वाद घालत नाही, तुमचा करार पाठवा, कंपनीला मेल करतो.

सर, नौपाड्यात दोन खोल्यांचं ऑफिस आहे, मी आणि माझी बायको मिळून चालवतो. व्हिसाची कागदपत्रं ती बघते. पुढच्या मे महिन्याची बुकिंगं याच दिवसांत येतात. सोमवारी एक कुटुंब आलं होतं, त्यांनी मोबाइलवर तुमचा रिव्ह्यू दाखवला आणि "विचार करून सांगतो" म्हणून गेले. १ स्टार राहू द्या, तो तुमचा हक्क आहे. पण "फसवणूक" हा शब्द आम्ही ११ वर्षांत कधी ऐकला नव्हता. तुमच्या ९ दिवसांतल्या सिएनाबद्दल, व्हाल दोर्चाच्या त्या रस्त्याबद्दल तुम्ही तिथूनच मला "आयुष्यात विसरणार नाही" असं कळवलं होतं. त्याची एक ओळ रिव्ह्यूत असती तरी बरं वाटलं असतं.

माहितीच्या पानांत आम्ही सुधारणा करतो आहोत, फोनच्या बाबतीतही लक्ष घालू.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तिसरी नोटीस अजून यायची आहे असं तुम्ही लिहिलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी सामानासाठी गाडी पुन्हा आत नेलीत, ती त्याची असणार. पाकीट हातात पडल्यापासून ५ दिवसांत भरलं तर दंडात ३० टक्के सूट मिळते. मूळ दंड ८३ युरो आहे, नोटीस पाठवण्याचा खर्च त्यावर वेगळा. प्रीफेक्टकडे, म्हणजे तिथल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, दंडाविरुद्ध ६० दिवसांत अर्जही करता येतो, पण तो फेटाळला तर रक्कम दुप्पट होते, म्हणून मी तसा आग्रह करणार नाही. पाकीट आलं की न फोडता ठेवू नका, त्याच दिवशी फोटो काढून मला पाठवा. रविवार असला तरी चालेल. ऑनलाइन कसं भरायचं ते मी शेजारी बसून करून देईन, आणि त्याचे काही पैसे घेणार नाही.