‘दमलो म्हणा आणि भरपाई घ्या’ : आखाती युद्धातील सैनिकांवरील आक्षेपाची तपासणी

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या अपंगत्व भरपाईविषयी एक दावा सर्रास पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा की, आखाती युद्धावर गेलेल्या सैनिकाने ‘मला सतत थकवा येतो’ एवढे सांगितले की काम होते. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकाळ न हटणाऱ्या थकव्याचा आजार, चाचणीत दिसत नाही, म्हणजे तो मनाचा खेळ आहे. आजार युद्धामुळेच झाला हे सिद्ध करावे लागत नाही. आणि अर्ज फेटाळला गेलाच तर अपील करत राहावे, सरकार कंटाळून पैसे देते. यांतील तिसरे विधान बऱ्याच अंशी खरे आहे, आणि त्याच्याच आडून बाकीची तीन खपवली जातात.

पहिले विधान नियमावली उघडताच गळून पडते. भरपाई देणाऱ्या व्हेटरन्स अफेअर्स खात्याने या आजाराच्या निदानाच्या अटी स्वतंत्रपणे घालून दिल्या आहेत. थकवा नव्याने सुरू झालेला हवा आणि त्यामुळे रोजचे व्यवहार किमान सहा महिने पूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आलेले हवेत. शिवाय दहा लक्षणांपैकी किमान सहा आढळली पाहिजेत : अचानक झालेली सुरुवात, बारीक ताप, घशाची सूज, मानेतल्या किंवा काखेतल्या गाठी, अंगदुखी किंवा स्नायूंची अशक्तता, व्यायामानंतर २४ तास वा त्याहून अधिक टिकणारा थकवा, पूर्वी नसलेल्या प्रकारची डोकेदुखी, सांध्यांचे फिरते दुखणे, मेंदू व मन यांच्याशी निगडित तक्रारी आणि बिघडलेली झोप. सर्वांत जाचक अट मात्र वेगळीच आहे. असाच थकवा आणणारे इतर सगळे आजार आधी वगळले गेले पाहिजेत. १९९१ साली विशीत असलेला सैनिक आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. या वयात थायरॉइड, मधुमेह, नैराश्य किंवा झोपेत श्वास अडकणे यांपैकी एखादे दुखणे असणे मुळीच विशेष नाही. खात्याच्या वैद्यकीय परीक्षकाने थकव्याचे खापर त्यावर फोडले की क्रॉनिक फटीग सिंड्रोमचे निदानच उडते.

‘मनाचा खेळ’ या शेऱ्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली पुराव्यांचा आढावा घेऊन हा गंभीर, दीर्घकालीन आणि संपूर्ण शरीराला ग्रासणारा आजार असल्याचे नमूद केले. त्या देशातील रुग्णांची संख्या तिने ८ लाख ३६ हजार ते २५ लाख यांदरम्यान धरली. श्रमानंतर प्रकृती ढासळणे हे या आजाराचे प्रमुख लक्षण, आणि ती पडझड अनेकदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी होते. आता खात्याच्या वैद्यकीय तपासणीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. सैनिक दाढी करून, गाडीत बसून वेळेवर पोहोचतो, प्रश्नांना नीट उत्तरे देतो, आणि परीक्षक लिहितो की अर्जदार तरतरीत दिसत होता. त्या फेरीपायी पुढचे दोन दिवस तो अंथरुणाला खिळला, तरी त्याची नोंद अहवालात येत नाही.

आता जे खरे आहे त्याकडे वळू. १९९४ च्या कायद्याने आखाती युद्धातील सैनिकांच्या निदान न होणाऱ्या आजारांना भरपाईचा मार्ग खुला केला आणि २००१ च्या दुरुस्तीने क्रॉनिक फटीग सिंड्रोम, फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखण्याचा जुनाट विकार) व आतड्यांचा इरिटेबल बॉवेल सिंड्रोम यांची नावे त्यात घातली. ठरावीक प्रदेशात सेवा झाली असेल तर सेवेशी संबंध गृहीत धरला जातो. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने तर लक्षणे अमुक तारखेपर्यंत आणि किमान १० टक्के तीव्रतेने दिसली पाहिजेत ही अटही काढून टाकली. आजार सेवेमुळे उद्भवला की बळावला, हा वाद साताऱ्या-कोल्हापुराकडच्या ज्या घरांनी आपल्या लष्करी न्यायाधिकरणात लढवला आहे, त्यांना ही सवलत किती मोठी आहे ते सांगावे लागणार नाही.

पण कारण गृहीत धरले म्हणून आजार गृहीत धरला जात नाही. अमेरिकी सरकारच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ साली दिलेल्या अहवालानुसार, आर्थिक वर्ष २०१५ मध्ये आखाती युद्धाशी निगडित अशा आजारांचे जेमतेम १७ टक्के दावे मंजूर झाले. इतर अपंगत्वांच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. या आजारांवरचे ऐच्छिक प्रशिक्षण तेव्हा परीक्षकांपैकी केवळ १० टक्क्यांनी घेतले होते. ज्याला खिरापत म्हणायचे तिची ही आकडेवारी.

अपिलाची व्यवस्थाही ‘कंटाळून देण्याची’ नाही. फेब्रुवारी २०१९ पासून तीन वाटा आहेत : नवा आणि प्रस्तुत पुरावा जोडून पूरक दावा, जुन्याच पुराव्यावर वरिष्ठांकडून फेरतपासणी, किंवा अपील मंडळ. मूळ अर्जाची तारीख टिकवायची असेल तर वर्षभरात यांपैकी एक निवडावी लागते. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाण्यास १२० दिवस मिळतात. पुरावा दोन्ही बाजूंनी जवळपास समतोल असेल तर कौल सैनिकाला द्यावा, असे कायदाच सांगतो, आणि तो लाभ नाकारला गेला असेल तर अपिलात तो मागणे यात लबाडी कसली?

शिवाय सगळीच अपिले आजार आहे की नाही यावर नसतात. कित्येकदा प्रश्न टक्क्यांचा असतो. या आजाराला १०, २०, ४०, ६० किंवा १०० टक्के अपंगत्व ठरते आणि २०२४ च्या दराने एकट्या सैनिकाला १० टक्क्यांवर महिना सुमारे १७१ डॉलर, तर १०० टक्क्यांवर सुमारे ३,७३८ डॉलर मिळत. लक्षणे येत-जात असतील तर वर्षात एकूण किती आठवडे माणूस निकामी झाला ते मोजतात. ६० टक्क्यांसाठी किमान सहा आठवडे लागतात. मात्र डॉक्टरने उपचार आणि अंथरुणावरची विश्रांती या दोन्ही गोष्टी लिहून दिल्याशिवाय तो काळ धरला जात नाही. ज्या आजारावर नेमका उपचार नाही, त्यासाठी दर खेपेला डॉक्टरकडे कोण जाणार? घरी पडून काढलेले आठवडे मग हिशोबाबाहेर राहतात. त्याच नियमात दुसरा आधारही आहे : लक्षणे जवळपास सतत असतील आणि रोजचे व्यवहार पूर्वीच्या निम्म्याहून खाली आलेले असतील, तर आठवडे न मोजताही ६० टक्के देता येतात. निर्णयपत्रात हा दुसरा आधार तपासला गेला आहे का, हे पाहणे अपील लिहिणाऱ्याचे पहिले काम ठरते.