म्हणे इंजेक्शन सुरू केलं की ग्लुकोमीटर फेकून द्या!

'वजनाचं इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी पाच सुवर्णनियम' हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण परवा मावशीने त्यातलाच एक नियम मला वेदवाक्यासारखा ऐकवला. ती सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेते आणि सोबत मधुमेहाची गोळीही. आता गप्प बसवत नाही.

नियम पहिला: 'हे इंजेक्शन साखर प्रमाणाबाहेर उतरूच देत नाही, मीटर फेकून द्या.' यातलं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. वजनाच्या इंजेक्शनांतलं औषध सेमाग्लुटाइड असो की टिर्झेपेटाइड, साखर चढलेली असते तेव्हाच ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. ज्याला मधुमेह नाही आणि जो एवढंच औषध घेतो, त्याला रोज बोट टोचायची सहसा गरज नसते. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या मधुमेहाच्या गोळ्यांना असला विवेक नाही. साखर १८० असो की ८०, त्या इन्शुलिन सोडायला लावतातच. त्यात आपल्याकडे ग्लिमेपिराइड पुष्कळदा मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत येतं. 'मी आपली शुगरची साधी गोळी घेते' म्हणणाऱ्यांना त्यात काय आहे हेच ठाऊक नसतं. गोळ्यांच्या पट्टीची मागची बाजू वाचा जरा. वर इंजेक्शनने भूक मेलेली, दोन घासांत पोट भरतंय, आणि त्या दिवशी संकष्टी! साखर उतरणार नाही तर काय होणार?

हे माझं मत नाही. वेगोव्हीच्या, म्हणजे वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडच्या, अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात टाइप २ मधुमेहींवरच्या चाचणीचे आकडे आहेत. साखर ५४ च्या खाली गेल्याची नोंद इंजेक्शन घेणाऱ्यांत ६.२ टक्के, नुसती औषधाविना सुई घेणाऱ्यांत २.५ टक्के. मधुमेहींनी औषध सुरू करण्याआधी आणि चालू असताना साखर तपासत राहावी, हेही तिथेच लिहिलंय. औषध बनवणारी कंपनी तपासा म्हणते आणि मेसेजवाला फेका म्हणतो.

आता मावशीने ऐकवलेला नियम: 'घाम फुटला, हात थरथरले, चक्कर आली तर घाबरू नका, चरबी जळतेय. अशा वेळी काही खाल्लंत तर सगळी मेहनत वाया.' हे लिहिणाऱ्याला काय म्हणावं? ही साखर उतरल्याची ठळक लक्षणं आहेत. अशा वेळी उपाशी राहिलं तर माणूस गोंधळतो, बरळतो, बेशुद्ध पडू शकतो. मीटर हाताशी असेल तर लगेच बघा. ७० च्या खाली असेल, किंवा मीटर नसेल आणि लक्षणं असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या किंवा ग्लुकोज पावडर घ्या. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-लोण्यामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून खालीच असेल तर तेच पुन्हा करा. साखर वर आली की काहीतरी खाऊन घ्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा. आणि ब्लड प्रेशरसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड, थरथर जाणवेलच असं नाही. तिथे तर मीटरशिवाय इलाजच नाही.

'इन्शुलिन त्याच दिवशी बंद करा', म्हणजे हे इंजेक्शन सुरू केलं त्याच दिवशी, हा तिसरा नियमही तितकाच जीवघेणा. घाईघाईने इन्शुलिन कमी किंवा बंद केल्यावर काही रुग्णांना कीटोअ‍ॅसिडोसिस (इन्शुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचण्याची जीवघेणी अवस्था) झाल्याचा इशारा ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१९ मध्येच दिलाय. डोस कमी करावा लागतो हे खरं, पण तो डॉक्टर ठरवतात, तेही मीटरवरचे आकडे बघून.

चौथा नियम: 'एचबीएवनसी चांगलं आलं की बास.' ही रक्ततपासणी म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. दुपारी २२० आणि पहाटे ५५ असलं तरी सरासरी देखणी दिसू शकते.

शेवटचा नियम, सुई न टोचता साखर सांगणारं घड्याळ. असं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलं होतं. मेसेजच्या तळाशी मात्र तसल्याच घड्याळाची लिंक आहे, सवलतीच्या कोडसकट.