एरिट्रियात दोन बायका कम्पल्सरी? नाही हो!
"एरिट्रियात प्रत्येक पुरुषाला दोन लग्नं सक्तीची, नाहीतर जन्मठेप" हा आफ्रिकेतल्या या देशाबद्दलचा फॉरवर्ड परत फिरतोय, सोबत तिकीट बुक करायचे तेच शिळे जोक. २०१६ साली केनियातल्या एका साईटवरनं हे सुटलं, एरिट्रिया सरकारने तेव्हाच खोटं म्हणून सांगितलं, उलट तिथल्या सर्वसाधारण कायद्याने पहिली बायको असताना दुसरं लग्न हाच गुन्हा आहे.

आणि "आफ्रिकेत बायकांना त्याचं काही वाटत नाही" हे पण फेकूच. केनियात २०१४ च्या कायद्याने पारंपरिक लग्नात अनेक बायका चालतात हे खरंय, पण पहिलीला विचारायची अट पुरुष खासदारांनी उडवली तेव्हा महिला खासदार चिडून सभागृहातनं उठून गेल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेत त्सोंगा समाजातली एक केस पार घटना न्यायालयात गेली, तिथे समाजातल्या जाणत्या लोकांच्या जबान्या घेतल्या, कोणी म्हणे पहिलीची संमती हवीच, कोणी म्हणे तिला सांगितलं तरी पुरे (म्हणजे त्यांच्यातही एकमत नाही बघा), आणि शेवटी २०१३ ला कोर्टाने संमती नव्हती म्हणून दुसरं लग्नच अवैध ठरवलं.