एलपीएन संपल्या, हे अर्धंच खरं

अमेरिकेत एलपीएनची (कमी मुदतीचं शिक्षण घेतलेली परवानाधारक प्रॅक्टिकल नर्स) नोकरी संपल्यात जमा आहे, असं एक लेख म्हणतो. मोठ्या रुग्णालयांच्या वॉर्डापुरतं ते पटतं. तिथे रुग्णाची पहिली तपासणी आणि शुश्रूषेचा आराखडा आरएनकडेच (जास्त शिकलेली नोंदणीकृत नर्स) असतो. शिरेतून थेट औषध देण्यावरही अनेक राज्यांत एलपीएनला मर्यादा आहेत. मग तिच्या रुग्णांमागेही एक आरएन अडकते, म्हणून व्यवस्थापन सरळ आरएनच नेमतं.

पण वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये गोळ्यांची फेरी, इन्सुलिन, ड्रेसिंग हे बरंचसं एलपीएनच ओढतात. खरा धोका तिथल्या नियमात होता आणि लेखात नेमका तोच सुटलाय. २०२४च्या केंद्रीय नियमाने प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला ३.४८ तास शुश्रूषा ठरवली: ०.५५ आरएनची, २.४५ नर्सिंग सहायकांची. एलपीएनसाठी वेगळा आकडाच नाही! उरलेल्या ०.४८ तासांत त्यांनी मावायचं. २०२५मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने तो रद्द केला. एलपीएनना दिलासा मिळाला, रहिवाशांचं मात्र नुकसानच झालं, असं माझं ठाम मत आहे.

एलपीएनवरून आरएन व्हायचं असेल तर त्यासाठीच्या ब्रिज कोर्सची फी भरण्याआधी त्याला राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का, तेवढं नक्की तपासा. नसेल तर एनक्लेक्स-आरएनला, म्हणजे आरएनच्या परवाना परीक्षेला, बसताना अडकाल.