सोनेरी लेबलाच्या फॉरवर्डला उत्तर

बीटल्सच्या पहिल्या एलपीबद्दल, म्हणजे 'प्लीज प्लीज मी'बद्दल, रेकॉर्ड जमवणाऱ्यांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा गोषवारा असा: काळ्या लेबलावर सोनेरी अक्षरं असली की ती पहिली प्रत. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर '१एन' असलं की पक्कंच. मोनोपेक्षा (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) स्टीरिओ (दोन्हींतून वेगवेगळा) केव्हाही सरस. पहिल्या प्रतीचा आवाज नंतर कुणालाच जमला नाही. आणि डमडमची भारतीय प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नये. यातलं जेमतेम अर्धं वाक्य खरं आहे, बाकीच्यापायी लोकांचे पैसे जातात.

'सोनेरी लेबल म्हणजे पहिली प्रत'

हेच ते अर्धं खरं वाक्य. मोनो एलपी (ईएमआय कंपनीचा पार्लोफोन ब्रँड, क्रमांक पीएमसी १२०२) २२ मार्च १९६३ला आली आणि सुरुवातीच्या प्रतींवर काळं-सोनेरी लेबल होतं. पण सोनेरी लेबलाचेही दोन प्रकार आहेत, आणि किमतीतला फरक तिथेच पडतो. गाण्यांच्या नावांखालची बारीक अक्षरं वाचा. पहिल्या प्रकारात 'आय सॉ हर स्टँडिंग देअर', 'मिझरी', 'डू यू वाँट टू नो अ सीक्रेट' आणि 'देअर्स अ प्लेस' या चार गाण्यांचा प्रकाशक डिक जेम्स म्युझिक असा छापलाय. दुसऱ्या प्रकारात तिथे नॉर्दर्न साँग्ज येतं.

फसगत कुठे होते? 'आस्क मी व्हाय' आणि 'प्लीज प्लीज मी' ही दोन गाणी डिक जेम्सकडेच होती, त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या लेबलावरही त्याचं नाव दिसतंच. विक्रेता भिंग लावून तेवढीच ओळ दाखवतो आणि पहिल्या प्रकाराचा भाव सांगतो. पाहायचं असतं ते पहिल्या बाजूचं १ आणि २ क्रमांकाचं गाणं, आणि दुसऱ्या बाजूचं ४ आणि ६. सहावं-सातवं पाहून काहीच सिद्ध होत नाही. 'लव्ह मी डू' आणि 'पी. एस. आय लव्ह यू' यांचा प्रकाशक तर तिसराच, आर्डमोर अँड बीचवुड. त्या ओळींकडे पाहूच नका.

सोनेरी लेबल लवकरच बंद होऊन पिवळं-काळं आलं. एलपी ब्रिटनमध्ये सलग ३० आठवडे पहिल्या क्रमांकावर होती, तो काळ बहुतेक पिवळ्या लेबलाचाच. म्हणून सोनेरी दुर्मीळ आणि पिवळी मुबलक. पिवळ्यातही 'सोल्ड इन यू. के.'ने सुरू होणारी किमतीच्या अटीची ओळ असेल, तर ती प्रत १९६४ किंवा त्यानंतरची.

'१एन म्हणजे पहिली दाबणी'

नाही. एक्सईएक्स ४२१-१एन आणि एक्सईएक्स ४२२-१एन हे लॅकरचे, म्हणजे मूळ कोरीव तबकडीचे, क्रमांक आहेत, दाबणीचे नव्हेत. टेपवरून लॅकरवर खाच कापतात, लॅकरवरून धातूचा उलटा साचा, त्यावरून सुलटी 'मदर', मदरवरून पुन्हा उलटा 'स्टँपर', आणि स्टँपरने प्लास्टिक दाबतात. एका लॅकरपासून अनेक मदर, एका मदरपासून अनेक स्टँपर. ४२१-१एन हे कटिंग इतकं टिकाऊ ठरलं की पिवळ्या लेबलाच्या प्रतींवरही तेच सर्रास सापडतं.

खरा पत्ता लागतो त्याच गुळगुळीत पट्ट्यावरच्या बाकीच्या खुणांवरून. मॅट्रिक्स क्रमांक (तोच ४२१-१एन) घड्याळातल्या सहाच्या जागी येईल अशी तबकडी धरा. नऊच्या जागी मदरचा आकडा असतो आणि तीनच्या जागी स्टँपरची अक्षरं. ही अक्षरं म्हणजे ईएमआयचं सांकेतिक अंकलेखन: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी म्हणजे अनुक्रमे १ ते ९ आणि ०. एकदा शब्द कळला की विसरायला होत नाही, ग्रामोफोन लिमिटेड. नऊच्या जागी '१' आणि तीनच्या जागी 'जीओ' दिसलं तर पहिली मदर, पंधरावा स्टँपर. 'आरएम' म्हणजे चोविसावा, 'जीडी' म्हणजे दहावा. दोन्ही बाजूंचे आकडे जुळलेच पाहिजेत असं नाही. बाजूंचे स्टँपर स्वतंत्रपणे बदलत. आणि नुसतं 'जी' दिसलं म्हणून उडी मारायची नाही: तो त्या मदरचा पहिला स्टँपर असतो, आधी मदरचा आकडा पाहा. खुणा फार फिक्या असतात. टॉर्च तिरपा, जवळजवळ तबकडीला समांतर धरला तरच दिसतात, वरून मारलेल्या उजेडात नाही.

'स्टीरिओ असेल तर सोन्याहून पिवळं'

भावात, हो. काळ्या-सोनेरी लेबलाची स्टीरिओ प्रत (पीसीएस ३०४२, २६ एप्रिल १९६३) हजारो पौंडांना जाते. कानाला मात्र वेगळंच ऐकू येतं. ११ फेब्रुवारी १९६३ला एका दिवसात दहा गाणी दोन ट्रॅकच्या टेपवर घेतली: एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर गळे. ही विभागणी मोनो मिश्रणाच्या सोयीसाठी होती. स्टीरिओत ती तशीच उघडी पडते, एका स्पीकरमधून गिटार आणि ड्रम, दुसऱ्यातून आवाज. हेडफोन लावला की डोकं मधून चिरल्यासारखं होतं. 'लव्ह मी डू' आणि 'पी. एस. आय लव्ह यू' यांची दोन ट्रॅकची टेपच उरली नव्हती, म्हणून स्टीरिओ एलपीवर ती दोन्ही मोनोवरून केलेली नकली स्टीरिओ आहेत.

तरी स्टीरिओ अगदीच टाकाऊ नाही. 'प्लीज प्लीज मी' या गाण्यासाठी तिथे ध्वनिमुद्रणाच्या वेगळ्या तुकड्यांची जोडणी वापरली गेली. शेवटच्या कडव्यात लेननचे शब्द चुकतात आणि पुढच्या ओळीत त्याचं हसू दाबलेलं ऐकू येतं. मोनोत हे नाही. संग्रहात दोन्ही ठेवण्याचं तेवढं एक कारण पुरे आहे.

'पहिल्या प्रतीसारखा आवाज नाही'

कोणत्या पहिल्या प्रतीसारखा? साठ वर्षांपूर्वी पोरासोरांनी जड टोनआर्मच्या ऑटोचेंजरवर, पाच ग्रॅम किंवा जास्त दाबाने वाजवलेल्या? आजच्या बहुतेक कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) दाब दीड ते दोन ग्रॅम असतो. त्या वेळची सुई खाचेच्या भिंती खरवडायची, आणि ते नुकसान धुऊन जात नाही. चकचकीत दिसणारी प्रतही आतून गेलेली असू शकते.

तपासायचं गाणं एकच: दुसऱ्या बाजूचं शेवटचं, 'ट्विस्ट अँड शाउट'. ३३⅓ फेऱ्यांना बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, केंद्रापासून ६ सेंटिमीटरवर जेमतेम २१. तेवढ्या आखूड जागेत लेननचा फाटका गळा कोरलाय. घशाची खरखर आणि झिजलेल्या खाचेची खरखर यांतला फरक असा ओळखा: घशाची त्याच्या ओरडण्याबरोबर येते-जाते, झिजेची प्रत्येक 'स' आणि झांजेवर कागद फाटल्यासारखी येते.

तुलना करताना आधी धुवा. डिस्टिल्ड वॉटर ९ भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल १ भाग, बिनवासाच्या द्रव साबणाचे एक-दोन थेंब. खाचेच्या दिशेनेच पुसायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दुसऱ्यांदा. (आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८च्या तबकड्यांना हे मिश्रण लावू नका, अल्कोहोल लाख विरघळवतं.) मोनो प्रत स्टीरिओ कार्ट्रिजने वाजवत असाल तर अँप्लिफायरचं मोनो बटण दाबा. मोनो खाच फक्त आडवी हलते, उभ्या हालचालीतून येतो तो नुसता कचरा, आणि दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की तो बराचसा कटतो. मग दोन्ही प्रतींची पातळी जुळवा. मोठ्याने वाजणारी प्रत कानाला नेहमी 'जिवंत' वाटते. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

नव्या प्रतींत '१८० ग्रॅम' हे शब्द वाचून भुलू नका, वजनाने आवाज येत नाही. २०१२ची स्टीरिओ एलपी डिजिटल फायलींवरून कापलेली आहे, २०१४ची मोनो थेट अॅनालॉग टेपवरून. दोन्ही १८० ग्रॅमच. झिजलेल्या सोनेरी लेबलापेक्षा २०१४ची मोनो ऐकायला स्वच्छ लागते, हे सांगताना आम्हाला जराही संकोच नाही.

'डमडमची प्रत कचरा'

ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचा कारखाना कोलकात्याजवळ डमडमला होता, आणि भारतीय प्रतींबद्दलची तक्रार बहुधा प्लास्टिकमधल्या खरखरीची असते. ती प्रत्येक प्रत हातात घेऊन ठरवायची, सरसकट नाही. चोर बाजारात अशी प्रत दिसली तर तोच गुळगुळीत पट्टा पाहा. ४२१-१एन ब्रिटिश प्रतीवरच्याच ठशात असेल, तर लॅकर लंडनचंच आहे. मग प्रश्न उरतो तो खाच किती झिजलीय आणि तबकडी वाकलीय का, एवढाच.

जाता जाता अमेरिकेचं. तिथली पहिली एलपी व्ही-जे कंपनीची 'इंट्रोड्यूसिंग... द बीटल्स', जानेवारी १९६४. हिच्या बनावट प्रती अमाप आहेत. लेबलावर एलपीचं नाव भोकाच्या वर आणि बँडचं नाव भोकाच्या खाली असेल, तर ती बनावट; अस्सल लेबलावर दोन्ही नावं भोकाच्या वरच असतात.