फाइल समोर आहे, तरी म्हणे फाइल नाही

‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.’ काल संध्याकाळी कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या फाइलींसकट बंदिस्त चालणारा प्रोग्राम, सुरू होताक्षणी कोसळत होता आणि लॉगमध्ये या एका ओळीखेरीज काहीही नव्हते. तो ज्या साच्यातून तयार होतो त्या इमेजमध्ये शिरून पाहिले तर एन्ट्रीपॉइंटची, म्हणजे सर्वांत आधी चालणारी, स्क्रिप्ट जागच्या जागी होती. पाथ बरोबर, परवानग्या बरोबर, पहिल्या ओळीत शेबँग, म्हणजे स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणारी खूण, तीही व्यवस्थित. बेस इमेज बदलली, कॅश पुसून बिल्ड पुन्हा चालवली, माउंट काढून पाहिले, तरी पालुपद तेच. अखेर रात्री उशिरा फाइलचा मजकूर छापणाऱ्या ‘कॅट’ कमांडला, न दिसणारी अक्षरेही दाखवणारा, मोठ्या लिपीतला ‘ए’ हा पर्याय जोडला, तेव्हा प्रत्येक ओळीच्या टोकाला चिकटलेले कॅरेट-एम (^M) दिसले. विंडोजच्या मशीनवर चेकआउट करताना, म्हणजे फाइली डिस्कवर उतरवताना, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने ओळीओळीला कॅरेज रिटर्न (तोच हा कॅरेट-एम) जोडला होता आणि लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, स्क्रिप्ट चालवणाऱ्या ‘बॅश’ऐवजी शेपटीला एक अदृश्य अक्षर असलेला भलताच प्रोग्राम शोधत बसला होता.

तो प्रोग्राम नव्हता, हे मान्य. पण मग जे सापडले नाही त्याचे नाव का सांगत नाही? कर्नल परत देतो तो नुसता एररचा क्रमांक २, आणि वरचे साधन त्याला आपण चालवायला दिलेल्या, म्हणजे धडधडीत अस्तित्वात असलेल्या फाइलचे नाव लावून मोकळे होते. बॅशच्या जुन्या आवृत्त्या ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणत न सापडलेल्या प्रोग्रामचेच नाव कॅरेट-एमसकट छापत असत, म्हणजे हे अशक्य अजिबात नाही. कॅरेज रिटर्न म्हणजे टेलिप्रिंटरचा गाडा डावीकडे परत नेण्यासाठी असलेली खूण; नोटपॅडलाही २०१८ पासून तिच्याशिवाय ओळी नीट दाखवता येतात, तरीही विंडोजवरच्या गिटचा इन्स्टॉलर आजही ती जोडण्याचा पर्याय आपणहून सुचवतो आणि लोक ‘नेक्स्ट’ दाबत पुढे जातात.

न दिसणाऱ्या अक्षरांचा हा जाच मेकफाइलमध्येही, म्हणजे प्रोग्राम कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्येही, आहेच. तिथे कमांडच्या ओळीआधी १९७६ पासून टॅबच लागतो, एडिटरने त्याच्या जागी स्पेस घातल्या की ‘मिसिंग सेपरेटर’ एवढेच ऐकवले जाते, आणि सेपरेटर म्हणजे टॅब हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच त्या संदेशाचा उपयोग. सेटिंग्ज लिहिण्याचा यॅमल हा मजकुराचा साचा तर त्याहून घातक, कारण तो तक्रारही करत नाही. पायथनची आवृत्ती ३.१० अशी अवतरणचिन्हांशिवाय लिहिली की तिचे मुकाट्याने ३.१ होते आणि आपोआप चालणारी बिल्डची पाइपलाइन भलतीच आवृत्ती मागत सुटते. देशांच्या यादीत नॉर्वेचा ‘एनओ’ हा संकेत लिहावा, तर त्याचा ‘फॉल्स’ होतो. यॅमलच्या २००९ च्या १.२ आवृत्तीत ‘एनओ’चा हा नियम काढून टाकला, पण कित्येक पार्सर, म्हणजे यॅमल वाचणारे प्रोग्राम, अजून १.१ ला धरून बसले आहेत. न विचारता अर्थ लावण्याचा हा अधिकार त्यांना कोणी दिला?

आणि या सगळ्यावर एका सहकाऱ्याचे ठरलेले उत्तर: ‘माझ्याकडे तर चालतंय.’ या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्याच्या मॅकवर गिट ओळींची टोके बदलत नाही, म्हणून तिथे चालते. एकाकडे चालते आणि दुसऱ्याकडे नाही, यातच बिघाडाचा माग होता, आणि दोन्ही मशीनवरच्या त्या स्क्रिप्टवर फाइलचा प्रकार सांगणारी ‘फाइल’ ही साधी कमांड चालवण्याची तसदी त्याने घेतली असती, तर ‘सीआरएलएफ’ (ओळीच्या टोकाला कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड) हे शब्द पहिल्याच मिनिटाला समोर आले असते.