चोवीस तासांची मुदत

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर नकार कळवायला निदान पंधरा दिवस लागत, मध्यस्थांना चहा पाजावा लागे आणि सगळा ठपका पत्रिकेवर ठेवावा लागे. २०१२ साली टिंडर हे जोडीदार शोधण्याचे अ‍ॅप आले, आणि पुढे पत्त्यांच्या गड्डीसारखे रचलेले चेहरे अंगठ्याने डावीकडे सारले की काम भागू लागले. पत्रिकेची बदनामीही टळली. मात्र उजवीकडे सारण्यालाही कष्ट पडत नसल्यामुळे काही महाभाग दिसेल तिला होकार देत सुटले, आणि २०१५ साली फुकटच्या होकारांवर मर्यादा घालावी लागली.

दरम्यान २०१४ साली आलेल्या बम्बल या तशाच अ‍ॅपने नियम केला की, स्त्री-पुरुष जोडीत पहिला संदेश बाईनेच पाठवावा आणि तोही २४ तासांच्या आत, अन्यथा जुळलेली जोडी मोडली. अनाहूत 'हाय'च्या माऱ्यातून बायकांची सुटका व्हावी, हा हेतू उदात्तच होता. मी वापरते ते अ‍ॅप याच पठडीतले असल्याने आता ते 'हाय' मी पाठवते. दिवसभर काहीतरी चटकदार सुचेल या आशेवर थांबायचे आणि मुदत संपायला दहा मिनिटे उरली असताना, तोंडात दात घासायचा ब्रश तसाच ठेवून, ती दोन अक्षरे टंकायची, हा माझा रात्रीचा परिपाठ झाला आहे. समोरच्यालाही उत्तरासाठी तेवढाच अवधी असल्यामुळे तोही शेवटच्या घटकेला 'हाय' म्हणतो. प्राप्तिकराचे विवरणपत्र मी याहून अधिक उत्साहाने भरते.

उंचीच्या फिल्टरविषयी काय बोलावे! चाळणी सहा फुटांवर लावता येते हे कळल्यापासून पाच फूट दहा इंचांचे पुरुष पुण्यातून नामशेष झाले आहेत.

२०२४ मध्ये बम्बलने बायकांना एक प्रश्न आधीच लावून ठेवण्याची सवलत दिली. आमच्या अ‍ॅपनेही ती उचलली. मी विचारले, ''लक्ष्मी रस्त्यावर गाडी कुठे लावता?'' तोवर प्रवासाची आवड आणि कुत्र्यांवरील प्रेम यापलीकडे न बोलणारे पुरुष एकाएकी भरभरून लिहू लागले. कोणी गल्लीबोळ सांगितले, कोणी रिक्षाने जाण्याचा पोक्त सल्ला दिला. एकाने तर सम-विषम तारखांचा तपशील भरून हाताने काढलेला नकाशाच पाठवला.

त्याला मी पहिल्या पाच मिनिटांत उत्तर दिले. उंची अजून विचारलेली नाही.